आनंदाबाईची साक्ष

आनंदाबाईला उजव्या कानानं ऐकू येत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तेव्हा नवऱ्यानं, लक्ष्मणरावानं, भाजी अळणी झाली म्हणून चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलून तिच्या कानशिलावर मारली. दोन दिवस कानातून रक्त येत राहिलं. मग ते थांबलं आणि त्या बाजूचा आवाजही कायमचा थांबला. विचारणाऱ्या बायांना ती सांगायची, वासरानं लाथ मारली. त्या वर्षी त्यांच्या गोठ्यात वासरू नव्हतं. देवळी गावातल्या त्यांच्या आळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी तसं बोलून दाखवलं नाही.

लक्ष्मणराव काविळीनं गेला तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा किसन तेवीस वर्षांचा होता. तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले आणि आनंदाबाई ओसरीत पाय पसरून बसली. आता या घरात कुणी कुणाला मारणार नाही, असं तिच्या मनात आलं. असं मनात आलं याची तिला लाजही वाटली.

किसन कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता. दारूच्या थेंबाला शिवायचा नाही, बिडी ओढायचा नाही. इस्त्रीचा सदरा घालायचा. लोक आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत. आर्वीकडची सुमित्रा त्याची बायको होऊन आली. उंच, सावळी, कामाला चपळ. लग्नानंतर चौथ्या महिन्यात एका सकाळी त्याचा डबा वेळेवर झाला नाही. आनंदाबाई ओसरीत गोधडी शिवत बसली होती. किसननं मनगटावरचं घड्याळ सोडलं, नीट गुंडाळून कोनाड्यात ठेवलं आणि मग तो स्वयंपाकघरात गेला. काय होतंय ते तिच्या डाव्या कानाला ऐकू आलं. ती टाके घालत राहिली. एकही टाका वाकडा पडला नाही. किसन बाहेर आला, घड्याळ बांधलं, म्हणाला, "माय, येतो बरं," आणि गेला.

गोधड्यांसाठी आनंदाबाईचं नाव होतं. आळीतल्या बाया आपली जुनी लुगडी, धोतरं तिच्याकडे आणून टाकत. ती आणि सुमित्रा दुपारी ओसरीत कापडाचे थर अंथरत, सुरकुत्या हातानं मोडत आणि समोरासमोर बसून कडेकडून आत शिवत येत. नात झाली, जयवंता. ती चार वर्षांची झाल्यावर सुईत दोरा ओवायचं काम तिच्याकडे आलं. दिवाळीआधी आनंदाबाई रवा, मैदा आणि डालडा घेऊन नातीसोबत बसनं वर्ध्याला जायची. बेकरीच्या भट्टीपुढे नंबर लावायचा, आपल्या हातानं ट्रेमध्ये नानकटाया मांडायच्या आणि गरम डबा मांडीवर घेऊन परत यायचं. जयवंता वाटेत दोन खायची आणि बसमध्येच झोपून जायची.

म्हणजे घरात सुख नव्हतं असं नाही. पण गोधडीवर सुमित्राचा हात लांब झाला की कोपराच्या वर निळे-पिवळे डाग दिसत. आनंदाबाई हळद-तेल गरम करून आणी, सुमित्रा हात पुढे करी.

सन शहात्तरच्या पावसाळ्यात किसननं मुसळ मारून सुमित्राचा डावा हात मोडला. कारण काय होतं ते नंतर कुणालाच नीट आठवलं नाही. तिचा भाऊ सदाशिवराव आर्वीहून आला. बहिणीच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहून त्यानं, बहीण सासूला म्हणे तशीच हाक मारून, आनंदाबाईला विचारलं, "आत्याबाई, कसं झालं हे?"

"न्हाणीत घसरली," आनंदाबाई म्हणाली. "शेवाळ किती झालं म्हणून सांगू."

सदाशिवराव खालमानेनं चहा प्याला आणि दुपारच्या बसनं गेला. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सुमित्रानं विचारलं, "आत्याबाई, काऊन असं सांगितलं तुमी?"

"घर राह्यलं पाह्यजे बाई."

"कोनाचं?"

आनंदाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली.

दरवर्षी माघात त्यांचं सारं कुटुंब रोडगे करायला यशोदा नदीच्या काठी मारुतीच्या देवळाजवळ जात असे. तीन बैलबंड्या, पंचवीस-तीस माणसं. कणकेचे गोळे तेल लावून एकात एक थर घालत वळायचे आणि गोवऱ्यांचा मोठा जगरा पेटवून, ज्वाळा बसल्या की त्या लाल राखेत गाडून भाजायचे. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप. इतर घरी जगरा पुरुष सांभाळत, या घरी तो मान आनंदाबाईचा होता. कुठला रोडगा कधी उलटायचा हे ती वासावरून सांगायची. अठ्ठ्याहत्तर साली फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते असेच गेले. ऊन छान पडलं होतं, पोरं पाण्यात खेळत होती. जयवंता तेव्हा आठ वर्षांची होती.

पहिला घाणा भाजत आला तेव्हा मारुतीला नैवेद्य न्यायला आनंदाबाईला हाक आली. ती घरातली वडील बाई. तिनं उलटायची काठी सुमित्राच्या हाती दिली आणि म्हणाली, "लक्ष ठेवजो, आतून कच्चे राह्यतीन."

रोडगे लवकर निघाले. किसनच्या पंगतीत त्याचा थोरला चुलतभाऊ बंडूजी होता, नागपूरचे दोन पाहुणे होते. बंडूजीनं रोडगा फोडला, आतला गाभा बोटानं दाबून पाहिला आणि हसून म्हणाला, "सुमित्रानं आज कनीकच खाऊ घालाची ठरोली वाटते."

पाहुणे हसले. किसनही हसला. मग त्यानं घड्याळ सोडून सतरंजीवर ठेवलं, उठला, जगऱ्याजवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, "सुमित्रा, इकडे ये. पाह्य बरं आच किती हाये."

ती आली. तिला वाटलं, नवरा काही दाखवतोय. त्यानं तिचं उजवं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं मान खाली दाबली आणि तिचा हात लाल राखेत घातला. अर्ध्या हातापर्यंत. घातला आणि धरून ठेवला.

किंकाळी देवळापर्यंत गेली. आनंदाबाई नैवेद्याचं ताट टाकून धावली. तिला दिसलं ते असं: जयवंता बापाचा सदरा मागून ओढतेय, बापानं गुडघ्यानं तिला उडवलं, पोरगी दगडावर पडली, सुमित्रा गुडघ्यांवर, तिच्या तोंडून आता आवाज निघत नाही, नुसतं तोंड उघडं, आणि पंगतीतले पुरुष उभे राहिलेत, पण आपापल्या जागी. आनंदाबाईनं पायाजवळची उलटायची काठी उचलली. तिचं एक टोक जळून निखारा झालं होतं. तिनं ती किसनच्या पाठीत घातली. तो सोडेना. मग तिनं दोन्ही हातांनी उचलून डोक्यात घातली.

कातडी फाटली. किसननं बायकोला सोडलं आणि तो वळला. कपाळावरून रक्त डोळ्यात येत होतं. आनंदाबाईनं तो चेहरा आजवर समोरून कधी पाहिला नव्हता, भिंतीआडून फक्त ऐकला होता. तो थेट लक्ष्मणरावाचा चेहरा होता. त्यानं मूठ वळून तिच्या तोंडावर मारली. तिचे पुढचे दोन दात तुटले, एक घशात गेला. ती पडली, खोकत उठली आणि पुन्हा काठीकडे गेली.

तेव्हा कुठे माणसं धावली. बंडूजीनं आणि एका पाहुण्यानं धरलं. पण धरलं ते तिला.

"वैनी," तिचा दीर वासुदेवराव म्हणाला. त्या कुटुंबातला तोच कर्ता. "तुमचा पोरगा हाये तो. लोकाईत काऊन तमाशा करून राह्यल्या?"

"सोडा मले, भाऊजी."

"नवरा-बायकोच्या मंधात पडू नये."

त्यांच्या खांद्यांमधून तिला सुमित्रा दिसत होती. कुणीतरी तिचा हात पाण्यानं भरलेल्या पितळी गुंडात बुडवला होता आणि हाताची साल सुटून त्या पाण्यावर तरंगत होती. जयवंता तिच्या पाठीला चिकटून बसली होती. तिच्या भुवईतून रक्त गळत होतं.

बंडी जुंपायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात दुसरा घाणा निघाला आणि लोक जेवले. आनंदाबाईनं ते पाहिलं. तिचे सख्खे दीर, जावा, ज्यांच्या बाळंतपणात तिनं रात्री काढल्या होत्या त्या पुतण्या, सगळे पत्रावळी घेऊन बसले आणि तूप वाढा म्हणाले.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं सुमित्राचा हात पाहिला, मग किसनच्या डोक्याची पट्टी पाहिली, मग आनंदाबाईचं सुजलेलं तोंड पाहिलं.

"कसं झालं?"

"रोडगे काढता काढता तोल गेला तिचा," किसन म्हणाला. "आम्ही उचलाले गेलो त्याच्यात आम्हालेबी लागलं."

डॉक्टरीणबाईनं सुमित्राकडे पाहिलं. सुमित्रानं छताकडे पाहिलं. खोलीत स्पिरिटचा वास होता. आनंदाबाईला वाटलं, आपण आता 'घसरली' म्हणालो की सगळं पूर्वीसारखं होईल. उद्या ओसरी, परवा गोधडी. खोटं तोंडात तयार होतं, तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

"डाक्टरबाई," ती म्हणाली, आणि बोलताना ओठातून पुन्हा रक्त आलं. "पडली नाई ते. यानं धरून घातला हात. हा माहा पोरगा हाये. मी डोयानं पाह्यलं."

किसन हसला. अगदी समजूतदारपणे. "बुढी झाली, डाक्टरबाई. ऐकू येत नाई तिले."

"ऐकू कमी येते," आनंदाबाई म्हणाली. "दिसते मले बराबर."

डॉक्टरीणबाईनं ते लिहून घेतलं. पोलिसाला बोलावलं. हवालदारानं दोनदा विचारलं, "बाई, पोटच्या पोरावर लिहू म्हणता?" आणि दोन्ही वेळा ती "लिहा" म्हणाली. सुमित्राची दोन बोटं काढावी लागली. उरलेल्या तिन्हींवर कातडी ताणून चिकटली. तो हात पुढे कधी पूर्ण मिटला नाही, पूर्ण उघडलाही नाही.

देवळीचं घर किसनच्या नावावर होतं. तिथे परत जाणं शक्य नव्हतं. सदाशिवरावानं, ज्याला आनंदाबाईनं खोटं सांगून चहा पाजला होता त्यानंच, वर्ध्याजवळ नालवाडीत एक टिनाची खोली पाहून दिली. खोली दाखवताना तो आनंदाबाईशी बोलला नाही. जाताना मात्र थांबून म्हणाला, "तवाच सांगितलं असतं तं, आत्याबाई." ती म्हणाली, "हो. तवाच सांगाले पाह्यजे होतं." एवढंच.

तिघी तिथे राहू लागल्या. आनंदाबाईला जवळच्या सरकारी क्वार्टरमधल्या बायांकडून गोधड्यांचं काम मिळालं. सुमित्रा डाव्या हातानं सुई धरायला शिकत होती. टाके सुरुवातीला वेडेवाकडे पडायचे. ती उसवायची, पुन्हा घालायची, कधी सुई भिंतीवर फेकायची.

किसन जामिनावर सुटला आणि आठव्या दिवशी भर दुपारी नालवाडीला आला. हातात विळा होता. दोरीवर तीन गोधड्या वाळत होत्या, लोकांच्या. त्यानं घाई केली नाही. एकेक गोधडी हातात ताणून धरली आणि विळ्यानं उभी फाडत गेला. आतले थर बाहेर लोंबले. आत जयवंतानं कडी घातली होती. त्यानं दाराच्या टिनावर लाथा घातल्या. बिजागर सुटायला लागलं तेव्हा आनंदाबाई मागच्या मोरीच्या बाजूनं बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती कामावरून उठून आली होती. हातात जाड शिवणाचं दाभण तसंच राहिलं होतं.

"माय," तो म्हणाला, "साक्ष वापस घे."

"नाई."

"माही नोकरी गेली. मले तुरुंगात धाडतं काय?"

"धाडतो."

त्यानं विळा खाली ठेवला. घड्याळ सोडलं, ठेवायला जागा शोधली आणि ते खिडकीच्या कडेवर ठेवलं. मग तिचे केस धरले आणि धुण्याच्या दगडावर तिचं डोकं आपटलं. एकदा, दोनदा. ती पडल्यावर लाथ घातली. आपली बरगडी मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला. दुसरी लाथ खांद्याजवळच्या हाडावर बसली. तो तिसऱ्यांदा जवळ आला तेव्हा तिनं दाभण त्याच्या मांडीत खुपसलं, मुठीपर्यंत. तो ओरडला. तिनं ते ओढून काढलं आणि पुन्हा खुपसलं.

पुढे काय झालं ते आनंदाबाईनं नंतर कुणाला सहजासहजी सांगितलं नाही. किसन खाली बसला होता, दोन्ही हातांनी मांडी दाबून. तो आता मारू शकत नव्हता. आणि तिचा हात तिसऱ्यांदा उचलला गेला होता, या वेळी त्याच्या गळ्याकडे. हाताला किती हलकं वाटत होतं. फुंकणी, मुसळ, जगरा, सगळं त्या हातात गोळा झालं होतं आणि तिला बरं वाटत होतं. लक्ष्मणरावाला असंच वाटत असेल, हेही तिला त्याच क्षणी कळलं, तरी हात थांबेना.

मागून सुमित्रानं तिचं मनगट धरलं. त्या अर्धवट मिटणाऱ्या, जळक्या हातानं.

"बस, आत्याबाई," ती म्हणाली. "बस झालं."

शेजारी तोवर जमले होते. किसन खुरडत रस्त्यापर्यंत गेला आणि कुणाच्या तरी सायकलवर बसून निघून गेला. आनंदाबाई महिनाभर दवाखान्यात होती.

खटला वर्ध्याच्या कोर्टात पुढच्या वर्षी चालला. रोडग्यांच्या दिवशी तिथे असलेल्या तीस माणसांपैकी एकानंही काही पाहिलं नव्हतं. वासुदेवराव नदीवर होता, बंडूजी बैलांना पाणी दाखवत होता. उरल्या तिघी. किसनच्या वकिलानं आनंदाबाईला विचारलं, "तुम्ही मुलाला दाभणानं भोसकलं, खरं आहे?"

"खरं हाये. दोनदा. तिसऱ्यांदा सुनेनं हात धरला, नाई तं आनखी भोसकलं असतं."

"म्हणजे मारहाण तुमच्या स्वभावातच आहे."

"आता आली," ती म्हणाली. "मार खाऊन खाऊन आली."

"आणि याआधी सुनेचा हात मोडला तेव्हा ती न्हाणीत घसरली असं तुम्हीच सांगितलं होतं. मग खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तवा. त्याच्याबी पह्यले बोलली. माह्या नवऱ्यानं कान फोडला तं मी वासरानं लाथ मारली म्हणून सांगत होती. पोरगं माह्या मांडीवर बसून ऐकत होतं. दोन-अडीच वर्षांचं. त्याले वाटलं असन, असंच असते. मारा लागते आन् मंग वासराचं नाव घ्या लागते." ती थांबली. "साहेब, त्याले शिकवलं कोनं, हे विचारत असान तं माहंबी नाव लिहा."

वकील खाली बसला. किसनला दोन वर्षांची शिक्षा झाली. शिपाई नेत असताना तो तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "तू मले मेली." कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली आनंदाबाईला उलटी झाली. सुमित्रानं तिची पाठ चोळली. नंतर एकदा ती एकटीच नागपूरला तुरुंगात भेटायला गेली होती. तो भेटायला बाहेर आला नाही. तिनं आणलेले लाडू शिपायाकडे दिले आणि परतली. ते त्याला मिळाले की नाही, कोण जाणे.

तो सुटला तेव्हा सुमित्राची फारकत झाली होती. त्यानं देवळीचं घर विकलं आणि समुद्रपूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. सन ब्याऐंशीच्या चैत्रात देवळीच्या एका बाईनं बसमध्ये आनंदाबाईला सांगितलं, किसनचं लग्न ठरलं. समुद्रपूरच्याच तानबाची पोरगी, सुलोचना. एका पायानं अधू, म्हणून इतके दिवस लग्नाची राहिली. पहिली बायको वेडी होती, तिनं स्वतःच हात जाळून घेतला, असं सांगितलंय म्हणे.

त्या रात्री तिनं सुमित्राला विचारलं, "जाऊ काय?"

"तो मारून टाकीन तुमाले."

"थे तं हाये."

सुमित्रानं हातातला टाका पुरा केला. मग म्हणाली, "जा तुमी."

तानबाच्या घरी तिचं चांगलं स्वागत झालं. नवरदेवाची माय म्हटल्यावर त्यांनी चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. त्यांना वाटलं, बुढीचा राग निवला, सून पाहायला आली. आनंदाबाईनं कप खाली ठेवला आणि सांगितलं. घड्याळापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. तानबाचा चेहरा बदलत गेला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "सुपारी फुटली. पाच गावात बोलावनं गेलं. आन् तुमी पोटच्या पोराचं वाटोळं कराले इतक्या दूर आल्या?"

दाराच्या चौकटीला धरून ती मुलगी उभी होती. एक पाय बारीक. तिनं बापाला न विचारता प्रश्न केला.

"कोनता हात?"

"उजवा. दोन बोटं गेली."

"रोडगे कच्चे राह्यले म्हणून?"

"हो."

"आन् पक्के असते तं?"

"तं दुसरं काई निघालं असतं, बाई," आनंदाबाई म्हणाली.

सुलोचना तिच्या तोंडातल्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, मग आत निघून गेली. तानबानं आनंदाबाईला दार दाखवलं.

ती बसस्टँडवर पोचली तोवर बातमी तिच्या पुढे गेली होती. चार वाजले असतील. हिंगणघाटची बस लागलेली, बाया-माणसं भांडी-गाठोडी घेऊन चढत होती. किसन समोरून आला. या वेळी त्यानं घड्याळ काढलं नाही. आल्या आल्या त्यानं तिला छातीवर धक्का दिला, ती सिमेंटच्या खांबावर आदळून खाली आली, आणि तो बुटानं तिच्या कमरेवर मारत सुटला. तोंडातून शब्द नव्हता, नुसता श्वास. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिला दुखलं नाही. पाय जणू दुसऱ्या कुणाचा झाला. लोक गोल करून उभे होते. कुणीतरी विचारलं, "कोन हाये थे?" आणि कुणीतरी म्हणालं, "माय हाये त्याची." तेव्हा एक कंडक्टर तिकिटाची पेटी गळ्यात तशीच घेऊन मधे घुसला, त्याच्या मागे दोन हमाल. त्यांनी किसनला जमिनीवर पालथा दाबला आणि पोलीस येईतो उठू दिलं नाही. त्यात त्याचेही दात पडले. आनंदाबाई जमिनीवर गाल टेकून ते पाहत होती. "तोंडावर नका मारू," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नसावं.

लग्न झालं नाही. तानबा तयार होता, पण सुलोचना मांडवात बसायला नाही म्हणाली आणि त्या नाहीवरून हलली नाही. किसन सहा महिने आत राहिला आणि सुटल्यावर चांदा जिल्ह्यात कुठे खाणीवर गेला. आनंदाबाई काठी घेऊन चालू लागली. सुमित्राच्या डाव्या हातचे टाके आता आनंदाबाईपेक्षा सरळ पडत. जयवंता मॅट्रिक झाली आणि तिनं नर्सिंगला नाव घातलं.

सन शहाऐंशीच्या जानेवारीत किसन गेला. खाणीवरच्या एका माणसाला त्यानं कानाखाली मारली होती. संध्याकाळी त्या माणसानं मागून फावडं घातलं. प्रेत देवळीला वासुदेवरावाच्या घरी आणलं. आनंदाबाई गेली, आणि सांगितलं नसताना सुमित्राही तिच्यासोबत गेली.

प्रेताच्या डोक्याला फडकं बांधलं होतं. आनंदाबाई त्याच्याजवळ बसली, त्याची हनुवटी हातात धरली आणि आतून फुटून रडली. तिला कुणी थांबवू शकलं नाही.

"आता काऊन रडता, वैनी?" वासुदेवराव म्हणाला. "तुमीच धाडलं ना त्याले तुरुंगात."

"माहा होता," ती म्हणाली. "म्हणून रडतो. आन् म्हणूनच धाडलं."

पुरुष स्मशानात गेल्यावर बाया आतल्या खोलीत बसल्या. कुणी म्हणालं, माणूस निर्व्यसनी होता. कुणी म्हणालं, कपडे किती स्वच्छ घालायचा. बंडूजीची नवी सून कोपऱ्यात होती, वीस-एकवीस वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. तिचं लक्ष सुमित्राच्या हाताकडे गेलं.

"काकू, हाताले काय झालं तुमच्या?"

बंडूजीच्या बायकोनं सुनेकडे डोळे मोठे करून पाहिलं. आनंदाबाईनं पदरानं नाक पुसलं. त्या पोरीच्या बांगड्यांच्या वर, दंडावर, एक पिवळसर डाग होता. तो आनंदाबाईला मघाशीच दिसला होता.

"इकडे सरक, बाई," ती म्हणाली. "या बाजूनं बस. मले या कानानं ऐकू येते."

ती पोरगी सरकून जवळ बसली. आनंदाबाईनं तिला सांगायला सुरुवात केली, सगळ्यांसमोर, आवाज न चोरता. दोन बाया उठून बाहेर गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.